काटा येतो कुठून? आंबाकलमांवरच्या काटेरी अळीच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट २०२४, देवगड

प्रकल्पाला मंजुरी मिळाली. विषय: आंब्यावरची काटेरी अळी, तिचे काटे, विष आणि बागेत घ्यायची खबरदारी. प्राणिशास्त्राचे तृतीय वर्षाचे दोन विद्यार्थी, मी आणि विभागातला जुना मायक्रोस्कोप. निधी म्हणावा असं काही नाही. बरण्या, जाळीचं कापड, ग्लिसरीन, चिकटपट्टी, संपला खर्च.

प्रश्न बागेतून आला आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर इथल्या एका बागेत कलमांवरची बांडगुळं काढताना गड्यांचे हात, मान, पोटऱ्या भाजल्यासारख्या झाल्या. झाडावर अळीचा पत्ता नव्हता. त्यातला एक जण मला म्हणाला होता, "मॅडम, झाडार अळी नाय, काय नाय, तरी हात पेटलो." पावसाळ्यात अळी लागते हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण नोव्हेंबरात कोण चावलं, ते कुणी सांगेना. लाल मुंग्यांवर आळ घेऊन विषय मिटला. बागेचे मालक काका मात्र अजून विचारतात.

तर आपलं काम एवढंच: अंड्यापासून पतंगापर्यंत प्रत्येक अवस्थेत काटा कुठे असतो आणि तो कातडीत शिरण्याजोगा असतो का, हे बघायचं. कुणाच्याही अंगावर चाचणी घ्यायची नाही, स्वतःच्याही नाही. मुलांनी लगेच "थोडंसं टोचून बघू" म्हटलंच, म्हणून नियम पहिल्या पानावर लिहून ठेवते.

२० ऑगस्ट

काकांच्या बागेत पहिली फेरी. पाऊस उघडला होता, पण पानं निथळत होती.

लहान अळ्या शोधायची खूण चटकन सापडली. पानाच्या खालच्या बाजूने त्या घोळक्याने हिरवा गर खरवडतात आणि वरचा पापुद्रा तेवढा ठेवतात. पान उजेडाकडे धरलं की तो भाग तेलकट कागदासारखा पारदर्शक दिसतो. असं पान दिसलं की उलटायचं, खाली रांगेत बसलेल्या असतात. मोठ्या झाल्या की पांगतात आणि कडेपासून पान खात शिरेपर्यंत येतात. एका पानावर अंडीही मिळाली: चपटी, चकचकीत, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली.

ओळख पक्की केली: पारासा लेपिडा, कुळ लिमाकोडिडी. डच कीटक-अभ्यासक क्रामरने अठराव्या शतकात वर्णन केलेली जात. अंग पिवळट हिरवं, पाठीवर निळसर पट्टे, दोन्ही कडांना उंचवट्यांच्या रांगा आणि प्रत्येक उंचवट्यावर काट्यांचा झुबका. आंबा, नारळ, एरंड, केळी, देशी बदाम, काहीही चालतं हिला. कॉलेजच्या फाटकाजवळच्या बदामावरही आहे, म्हणजे चारा आणि अळ्या दोन्हींची सोय झाली.

विद्यार्थ्याने विचारलं, "ही ती घोणस अळी का?" कुळ तेच. २०२२ च्या सप्टेंबरात बीड जिल्ह्यातल्या आष्टीकडे आणि नगर जिल्ह्यात उसात, बांधावरच्या गवतात अशा काटेरी अळ्या निघाल्या, काही शेतकऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि मोबाईलवरून अफवांचा पाऊस पडला. नाव सापाचं, म्हणून विषही सापाचं, असा सरळ हिशोब लोकांनी केला. कृषी शास्त्रज्ञ जीव तोडून सांगत होते की वेदना भयंकर असते, पण ही अळी जीव घेत नाही. ते सांगणं व्हिडिओंच्या मागून धापा टाकत आलं. इंग्रजीत या कुळाला 'स्लग कॅटरपिलर' म्हणतात. ते का, हे तिला चालताना पाहिलं की कळतं.

२८ ऑगस्ट

काचेवर चालवली आणि खालून पाहिली. नेहमीच्या सुरवंटाला छातीशी सहा खरे पाय आणि पोटाखाली आकडेवाले गुबगुबीत पाय असतात. हिला ते आकडेवाले पाय नाहीतच. पोटाचा सगळा तळ मऊ, ओलसर, चोषकासारखा काचेला चिकटतो आणि मागून पुढे एक लाट सरकत जाते. डोकं आत ओढलेलं, वरून दिसतही नाही. जाईल तिथे पातळ, अर्धवट द्रव रेशमाचा लेप सोडते. त्यामुळे गुळगुळीत आंब्याच्या पानावरून ती घसरत नाही, पण घाईही करू शकत नाही.

ही गोष्ट विषाशी जोडूनच बघायला हवी. पळता येत नाही, लपता येत नाही, पानावर उघड्यावर आठवडेच्या आठवडे बसून खायचं आहे. अशा प्राण्याला एकच परवडतं: तोंडात घेणाऱ्याने पुन्हा कधी तोंडात घेऊ नये अशी व्यवस्था. साप किंवा विंचू विष वापरून भक्ष्य मारतो. हिचं भक्ष्य म्हणजे पान, त्याला मारायला विष कशाला? हिचं विष निव्वळ बचावाचं, म्हणून त्याला मारण्यात रस नाही. ताबडतोब आणि खणखणीत दुखलं पाहिजे, एवढंच त्याचं काम.

६ सप्टेंबर

उद्या चतुर्थी. कॉलेज बंद, त्यामुळे बरण्या माझ्या घरी. मुंबईहून चुलत दिरांची मुलं आली आहेत, म्हणून बरण्या माळ्यावर आणि शिडी कुलपात. पाच दिवसांचा गणपती आहे. बदामाची पानं आणायला रोज संध्याकाळी मीच जाते. सासूबाई विचारतात, "ह्यांका पण नैवेद्य काय?"

१४ सप्टेंबर

अळ्या दुपटीहून मोठ्या झाल्या. आज काटा मायक्रोस्कोपखाली.

अळी कात टाकते ती कात आम्ही वापरतो, आणि जिवंत काटा लागेल तेव्हा बारीक कात्रीने एखादा उंचवटा कापून ग्लिसरीनमध्ये. लहान भिंगातून झुबका निवडुंगासारखा दिसतो. मोठ्या भिंगातून एकेक काटा वेगळा होतो: काचेसारखा, आतून पोकळ, टोकाला गडद. पोकळीत द्रव आहे. कव्हरस्लिपवर सुईने हलका दाब दिला तर काटा वाकत नाही. टोकापासून थोडं अलीकडे टचकन तुटतो आणि तुटल्या जागेतून थेंब बाहेर फुगतो. आजूबाजूच्या ग्लिसरीनपेक्षा तो वेगळा चमकतो, म्हणून स्पष्ट दिसतो. विद्यार्थिनीने हे तीनदा करून बघितलं आणि तिसऱ्या वेळी मोबाईलवर व्हिडिओ घेतला. प्रकल्पात हे एकच चित्र लागलं तरी पुरे, असं माझं मत.

कारण यात डंख मारणारं कुणी नाही. मधमाशी नांगी खुपसते, विंचू शेपूट आपटतो, साप जबडा मिटतो. इथे अळीकडून कसलीच हालचाल होत नाही. स्नायूंचा पंप नाही, नेम धरणं नाही. दाब आपला, टोक मोडतं ते आपल्या कातडीत आणि विष बाहेर पडतं तेही आपल्याच दाबाने. "अळी चावली" हे बोलायला ठीक आहे, पण बागेतल्या माणसाला सांगताना "तुम्ही अळीवर टेकलात" असं सांगितलं तर बचाव कसा करायचा ते त्याचं त्यालाच सुचतं.

काट्याच्या आत विष बनवणाऱ्या पेशी असतात. आमच्या मायक्रोस्कोपवर त्या दिसणं अशक्य, त्यासाठी रंग देऊन पातळ काप घ्यावे लागतील. तो नाद सोडला.

२१ सप्टेंबर

विषावर वाचनाचा दिवस. आपल्या पारासाच्या विषापेक्षा तिच्या ऑस्ट्रेलियातल्या चुलत बहिणीच्या विषावर जास्त काम झालं आहे. ती डोराटिफेरा व्हल्नेरान्स, हीसुद्धा लिमाकोडिडी कुळातली, निलगिरीच्या झाडांवर राहते. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या अँड्र्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तिचं विष उलगडलं. त्यात १५१ प्रथिनजन्य विषघटक निघाले, ५९ वेगवेगळ्या घराण्यांतले. पानं खाणाऱ्या बोटभर अळीकडे एवढा साठा असेल असं आधी कुणाला वाटलं नव्हतं. कोळी आणि विंचवाच्या विषांचा कसून अभ्यास होत असताना अळीच्या काट्याकडे "खाज येते, बरी होते" एवढंच म्हणून पाहिलं गेलं.

त्यातला दुखणं घडवणारा मुख्य गट सेक्रोपिनच्या जातीचा आहे, आणि इथे मी थबकले. सेक्रोपिन म्हणजे कीटकांच्या रक्तातली जंतुनाशक पेप्टाइडं, छोटी प्रथिनंच म्हणा. स्वीडनमध्ये हान्स बोमान यांच्या गटाने ती १९८० च्या सुमारास एका मोठ्या रेशीम पतंगाच्या कोशातून शोधली होती. जिवाणूच्या पेशीचं आवरण फोडणं हे त्यांचं काम. पतंगांकडे ती असतातच, अंगात शिरलेल्या जंतूंसाठी. या अळीच्या पूर्वजांत त्यांच्यात बदल होत गेले आणि ती काट्यात भरली गेली. आता ती आपल्या वेदना नेणाऱ्या मज्जापेशींच्या आवरणावर काम करतात, आणि मेंदूला निरोप जातो की हात विस्तवात आहे. हात पेटला म्हणणारा गडी शरीरशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर बोलत होता.

या कुळातल्या काही जातींच्या विषात हिस्टामिनही आढळलं आहे. गांधी, सूज, खाज यांत त्याचा हात असतो. म्हणून डॉक्टर देतात त्या ॲलर्जीच्या गोळीने खाज उतरते, पण पहिल्या घटकेची आग तेवढी हटत नाही.

त्याच गटाचं २०२३ चं काम अमेरिकेतल्या मेगालोपायगी अळ्यांवर. त्या दिसायला मऊ, केसाळ, मांजराच्या पिल्लासारख्या, आणि केसांखाली काटे. त्यांचं विष डोराटिफेरापेक्षा अगदीच निराळं: पेशीच्या आवरणात भोकं पाडणारी प्रथिनं. त्यांची जनुकं मूळची जिवाणूंची, फार फार पूर्वी पतंगांच्या पूर्वजांत शिरलेली. दोन्ही कुळं नात्याने जवळ, काटे वरून सारखे, आणि आतला माल वेगळ्या बाजारातून आणलेला! मुलांना हे सांगितल्यावर विद्यार्थी म्हणाला, "मग एकाचं औषध दुसऱ्याला चालणार नाही." अगदी हेच.

२४ सप्टेंबर

बदामाच्या पानावर शिकार पाहिली. शिकारी ढेकूण, शिल्ड बगच्या जातीतला, तपकिरी, खांद्यांना टोकं आलेली. अळीच्या शेजारी कितीतरी वेळ नुसता उभा. मग सोंड पुढे काढली. एरवी ती छातीखाली दुमडलेली असते, सरळ केली की डोक्याच्या कितीतरी पुढे जाते. काट्यांच्या दोन झुबक्यांमधून, अंग न टेकवता, त्याने ती अळीच्या कुशीत टोचली. अळी आक्रसली, मग सैल पडली. ढेकणाने तिला सोंडेवरच उचललं आणि पानाच्या कडेला नेऊन शोषत बसला. एकही काटा त्याच्या अंगाला लागला नाही.

काट्यांचा सगळा बंदोबस्त चोचीसाठी आणि जिभेसाठी आहे, लांब सोंडेसाठी नाही. परजीवी गांधीलमाश्या आणि टॅचिनिड नावाच्या परजीवी माश्याही हिच्यावर अंडी घालतात. आणि पक्ष्यांतही अपवाद आहेतच. चातक, पावशा ही कोकिळेच्या कुळातली मंडळी केसाळ सुरवंट आवडीने खातात. पोटाच्या अस्तरात केस रुतून बसले की काही जाती ते अस्तरच केसांसकट ओकून टाकतात. हे वर्गात सांगितलं की पुढचा तास शिकवायला मिळत नाही.

काका आले होते. म्हणाले, फवारून टाकू का एकदा? मी नको म्हटलं. कलमाला या दिवसांत या अळीपासून होणारं नुकसान किरकोळ, आणि फवारा ढेकणाला आधी लागेल. घोळक्यातल्या लहान अळ्यांचं पान कात्रीने तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं तर एका पानात पन्नासेक संपतात. ते त्यांना पटलं, कारण फुकट आहे.

२७ सप्टेंबर

तुलनेसाठी शेवग्यावरचे केसाळ सुरवंट आणले, युप्टेरोटी. दिवसा खोडावर गठ्ठ्याने बसतात, तिथून चिमट्याने घेतले. हे प्रकरण वेगळं. इथे विषाने भरलेला काटा नाही, केस आहेत. मायक्रोस्कोपखाली केसाला बारीक दाते दिसतात, म्हणून कातडीत गेलेला केस पुढेच सरकतो. त्रास आगीचा कमी, खाजेचा जास्त.

या प्रकारातलं जगातलं बडं नाव म्हणजे युरोपातली पाइनवरची, रांगेने चालणारी मिरवणूक अळी. फ्रेंच कीटक-निरीक्षक ज्याँ आंरी फाब्रने कुंडीच्या काठावर दिवसेंदिवस गोल फिरत ठेवली ती हीच. तिचे सूक्ष्म केस वाऱ्याने उडतात, रिकाम्या घरट्यात टिकून राहतात आणि अळ्या निघून गेल्यावर बऱ्याच काळाने माणसांना आणि हुंगायला गेलेल्या कुत्र्यांना बाधतात. ओकवरची तिची बहीण २००६ मध्ये लंडनला पोचली, तेव्हापासून तिथे दरवर्षी बंदोबस्त करावा लागतो.

अळी गेली तरी हत्यार मागे राहतं. आपल्या नोव्हेंबरच्या कोड्याला हे लागू पडेल का? पण पारासाचे काटे तर उंचवट्यावर घट्ट रोवलेले, उडणारे नाहीत. वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

शेवटच्या अवस्थेतल्या अळ्यांच्या शेपटाकडे काळे ठिपके आले आहेत, मखमलीच्या तुकड्यांसारखे. लहानपणी हे नव्हते. भिंगातून पाहिल्यावर तो ठिपका नाही, अतिशय बारीक, दाट काट्यांची गादी आहे. मोठ्या काट्यांशी यांचं काही साम्य नाही. सुईचं टोक नुसतं फिरवलं तरी मूळ सोडून सुटतात, पिकलेल्या कुसळासारखे. लिमाकोडिडीच्या काही जातींत असे सुटे होणारे काटे असतात, हे वाचलेलं होतं. आता समोर आहे.

दोन अळ्यांनी खाणं सोडलं आहे. बरणीत फांदीच्या सालीचा तुकडा ठेवला.

५ ऑक्टोबर

रात्री एकीने कोश केला. सकाळी आलो तेव्हा आवरण तयार होतं आणि आत हालचाल अजून दिसत होती. दुसरी दुपारी आमच्यासमोर बसली. आधी सैल जाळी, मग आतून लेप. सगळा वेळ ती आत फिरत, वळत असते आणि शेपटाकडचा भाग जाळीला घासत राहतो. संध्याकाळी काळे ठिपके पुसट झालेले दिसले. ते काटे गेले कुठे, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण तिघांनाही उत्तर कळून चुकलं होतं.

७ ऑक्टोबर

चिकटपट्टीची चाचणी. कोश दोन दिवसांत कडक झाला: तपकिरी, सुपारीहून लहान, सालीत इतका मिसळून गेलेला की दाखवल्याशिवाय दिसत नाही. पारदर्शक पट्टी कोशावर हलकी दाबली, उचलली, स्लाइडवर चिकटवली.

पट्टीवर काट्यांचं रान. शेपटाच्या गादीतले तेच बारीक काटे, आडवेतिडवे, काही उभे. त्याच सालीच्या मोकळ्या भागावरून घेतलेली पट्टी स्वच्छ. गेल्या वर्षीचे जुने, रिकामे कोश काकांच्या बागेतून आणले होते. त्यांच्यावरून घेतलेल्या पट्टीवरही काटे आहेत, कमी आणि मोडके, पण आहेत.

जपानमधल्या नोंदींशी हे जुळतं. ही अळी मूळची आपल्याकडची, दक्षिण आणि आग्नेय आशियातली. गेल्या शतकात ती जपानला पोचली आणि पश्चिमेकडच्या शहरांत रस्त्याकडेच्या झाडांवर स्थिरावली. खोडावरच्या कोशांना हात लागून कातडी उठते, हे तिथे चांगलंच माहीत आहे. आपल्याकडे ती घरचीच असून हे कुणाच्या बोलण्यात नाही.

म्हणजे नोव्हेंबरातला चोर सापडला. बांडगुळं काढायला माणूस चढतो, खोडाला मिठी मारतो, फांदीच्या बेचक्यात पाय रोवतो. कोश नेमके तिथेच असतात, खोडावर आणि जाड फांद्यांच्या खालच्या अंगाला. हात, मान, पोटऱ्या: गड्यांनी दाखवलेल्या जागा आणि मिठीत टेकणाऱ्या जागा एकच आहेत.

कोशावरच्या जुन्या काट्यात विष किती शाबूत, हे आम्ही मोजलेलं नाही आणि मोजण्याची सोयही नाही. अहवालात तसंच लिहायचं. काटा आहे, कातडीत शिरण्याजोगा आहे, जागा जुळतात, इथपर्यंतच आपला दावा.

१४ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर बागेत गड्यांसोबत बसलो. ते काय उपाय करतात ते विचारून घेतलं. चुना लावतात. आमसुलाचं पाणी लावतात. खोबरेल चोळतात. एकाने सांगितलं, घाटावर त्याच्या मामाकडे घोंगडी घासतात.

प्रत्येकावर मुलांशी वाद झाला. चुन्यामागे विष आम्ल असेल तर अल्कली लावा, हा विचार दिसतो. पण शेदीडशे प्रथिनघटकांचं मिश्रण चुन्याने विझत नाही, वर कातडी पोळते. आमसूल पित्ताच्या गांधींवर लावायची सवय आहे, तीच इथे आली. थंडावा मिळत असेल, तो पाण्याचाही मिळतो. खोबरेल चोळणं वाईट, कारण चोळण्याने मोडके काटे आणखी आत जातात. घोंगडीचं मात्र पूर्ण हसण्यावारी नेऊ नये: राठ लोकर वरवरचे केस ओढून काढते, शेवग्याच्या सुरवंटाला ते चालून जाईल. काटेरी अळीला नाही.

यापेक्षा चिकटपट्टी. लावायची, उचलायची, दर वेळी नवा तुकडा. काटे जितक्या लवकर निघतील तितकं आत कमी जाईल. मग साबण आणि वाहतं पाणी, मग फडक्यात गुंडाळलेला बर्फ. चिकटपट्टी प्रत्येक गड्याच्या खिशात राहू शकते, याच्यापुढे सगळे उपाय फिके.

एका काकींनी विचारलं, बाईमाणसाला लागलं तर जास्त बाधतं का? नाही. पण दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असेल तर कुणालाही जास्त जपावं लागतं.

२२ ऑक्टोबर

तालुक्यातल्या एका डॉक्टरांशी बोललो. त्यांचा पहिला प्रश्न: याला सापासारखं प्रतिविष आहे का? आपल्या अळ्यांसाठी नाही, आणि लागतही नाही.

जगात एका अळीसाठी आहे, लोनोमिया. दक्षिण ब्राझीलची. तिचं विष रक्त गोठवणाऱ्या यंत्रणेला नको तिथे चालू करतं. त्यातलं एक प्रथिन प्रोथ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या घटकाला, दुसरं त्याच साखळीतल्या 'घटक दहा'ला जागं करतं. गोठवणारे घटक असे वापरून संपतात आणि मग माणसाला हिरड्यांतून, लघवीतून, कधी मेंदूत रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. त्या अळ्या खोडावर दाटीने बसतात आणि सालीच्या रंगाच्या असतात. टेकणारा एका वेळी डझनावारी काटे घेतो. साओ पावलोच्या बुटांटान संस्थेने घोड्यांपासून प्रतिविष तयार केलं, तेव्हा मृत्यू कमी झाले.

हे आमच्या पत्रकात घालायचं का, यावर बराच खल झाला. विद्यार्थ्याला घालायचं होतं, चित्तथरारक म्हणून. मी काढलं. २०२२ ला आष्टीच्या बातम्यांत नेमकं हेच झालं होतं, कुठल्या तरी परदेशी अळीची कहाणी इथल्या अळीला चिकटवली गेली. लोनोमिया भारतात नाही. डॉक्टरांच्या टिपणात ती राहील, बागेच्या पत्रकात नाही.

डॉक्टरांनी दोन गोष्टी जोडायला सांगितल्या. डोळ्यात काटा गेला तर चोळू नये, घरी काढू नये, थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. आणि श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली तर वाट न बघता दवाखाना. बाकी वेदना काही तासांत उतरते, पुरळ काही दिवस राहते.

३० ऑक्टोबर

पहिला पतंग निघाला. पुढचे पंख हिरवेगार, मुळाशी आणि कडेला तपकिरी. पतंगाकडे काटा नाही. कोशाला वरून गोल झाकण, कंपासने आखल्यासारखं. पतंग बाहेर येताना ते उघडून मागे लोंबकळत राहतं.

बागेतून आणलेल्या कोशांपैकी काहींना मात्र झाकण शाबूत आणि कुशीत बारीक भोक. त्यांतून पतंग नाही, परजीवी गांधीलमाश्या निघाल्या. दिवाळीची सुट्टी लागली, दिव्यांपाशी पतंग येतातच. पण आमचे जाळीत आहेत.

१० नोव्हेंबर

बागेत बांडगुळं काढायचा पहिला दिवस. काकांनी या वेळी क्रम बदलला. आधी खोड आणि जाड फांद्यांवरचे कोश बोथट कोयत्याने खरवडून बादलीत पाडले. खरवडणाऱ्याला पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्याला पंचा, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि वाऱ्याच्या दिशेला पाठ. मग ओल्या गोणपाटाने खोड पुसून घेतलं. त्यानंतर चढणारे चढले. उतरल्यावर सदरे बाकी कपड्यांत न मिसळता वेगळे भिजवले. हा भाग काकांच्या मनात नव्हता, आम्ही आग्रहाने घालायला लावला. नाहीतर काटे घरी जातात आणि कपडे धुणाऱ्या बाईला लागतात.

बादलीतले कोश काका जाळणार होते. ते आम्ही मागून घेतले. बारीक जाळीच्या पेटीत ठेवून पेटी बागेतच टांगली आहे. जाळीची भोकं अशी निवडली की पतंग अडकून राहील आणि गांधीलमाशी निसटेल. दोन्ही एकाच कोशाच्या वेगवेगळ्या दारांनी येणार, फक्त बाहेर एकीलाच पडता येईल.

पत्रक एका पानाचं झालं, मालवणीत आणि मराठीत. नेपाळी रखवालदारांसाठी नेपाळीत करायचं आहे. मजकूर त्यांच्यातल्याच एकाकडून तपासून घ्यायचा. नारळाच्या बागा राहिल्या. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माडाला छातीने घासत चढतो, तेव्हा तिथे खोडावर कोश किती आणि कोणत्या उंचीला, ते डिसेंबरात मोजू.